‘सोन्या मम्मी, बोला की’: कोल्हापुरातल्या एका आईच्या नावाचं प्रकरण

जून 2024. शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या फाउंड्रीच्या, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्याच्या, मालकांना तिने फोन लावला. जुन्या सहकाऱ्याने नंबर दिला होता. तिथे सँड टेस्टिंगसाठी, म्हणजे साच्याची वाळू तपासायला, कुणीतरी हवं होतं. काय बोलायचं ते तिने कागदावर लिहून समोर ठेवलं होतं. पलीकडे फोन उचलला गेला आणि तिने तोंड उघडायच्या आत आवाज आला, ‘‘हां, सोन्या मम्मी, बोला की. शाळेतनं बोलताय काय?’’

तिने फोन ठेवून दिला.

त्या गृहस्थांची काही चूक नव्हती. अनोळखी नंबरचं नाव दाखवणारं ॲप त्यांच्या फोनमध्ये होतं. असं ॲप नाव आणतं कुठून, तर बरेचदा ते वापरणाऱ्या लोकांच्या फोनबुकातून. नंबर जास्तीत जास्त लोकांनी ज्या नावाने साठवलाय, बहुतेक तेच नाव तिसऱ्याच्या स्क्रीनवर उमटतं. तिचा नंबर मुलाच्या वर्गातल्या पालकांच्या ग्रुपमध्ये होता आणि तिथल्या पाच-पंचवीस बायकांनी तो ‘सोन्या मम्मी’ असा ठेवला होता. तिने स्वतः ते नाव कुठेही भरलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती राजारामपुरीतल्या माझ्या खोलीवर आली. लग्न, बाळंतपण, घरचं आजारपण यात काम सुटलेल्या बायकांना परत कामाला लागताना मी मदत करते: बायोडेटा, मुलाखतीची तयारी, ऑनलाइन प्रोफाइल. ही बाई मात्र बायोडेटाचं काही बोलली नाही. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, ‘‘मॅडम, मला माझं नाव परत पाहिजे.’’

पुढे जायच्या आधी एक सांगते. तिचं नाव या लेखात येणार नाही. सगळं प्रकरण नावाचं आणि नेमकं तेच देता येत नाही, याचं मला वाईट वाटतं. पण कोल्हापूर लहान आहे, फाउंड्रीच्या लॅबमध्ये काम केलेल्या बायका त्याहून थोड्या, ओळख लगेच पटेल. मुलाला मी ‘सोन्या’ म्हणते आहे. ते त्याचं खरं नाव नव्हे. हा मजकूर तिला वाचून दाखवला आहे आणि तिने सांगितलेल्या दोन दुरुस्त्या केल्या आहेत.

आधीचं

ती धातुशास्त्र शिकलेली. 2010 ते 2018 शिरोलीच्या एका फाउंड्रीत सँड लॅब सांभाळायची. ज्यांनी फाउंड्री आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढे याचा संबंध येतो. लोखंडाचा रस ज्या साच्यात ओततात तो वाळूचा असतो: वाळू, बेंटोनाइट माती आणि पाणी. पाणी साधारण तीन-चार टक्के. ते थोडं वाढलं की वाफ होऊन जॉबमध्ये, म्हणजे ओतलेल्या वस्तूत, पोकळ्या राहतात, कमी झालं की साचा झडतो आणि वाळू धातूत शिरते. लॅबमधल्या माणसाने वाळूचा दोन इंच व्यासाचा, दोन इंच उंचीचा नमुना रॅमरखाली, म्हणजे वाळू ठोकून बसवणाऱ्या वजनाखाली, तीन ठोके देऊन बनवायचा, त्याची ताकद मोजायची, हवा किती आरपार जाते ते बघायचं आणि मिक्सरवाल्याला सांगायचं. पण मशीनच्याही आधी जाणता माणूस वाळू मुठीत घट्ट दाबतो. बोटांचे ठसे नीट उठले आणि दोन बोटांनी मोडल्यावर कड स्वच्छ तुटली, तर वाळू बरी.

सोन्या ऑगस्ट 2017चा. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून प्रसूतीची पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली होती, ती तिला पूर्ण मिळाली. 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी, हेही त्याच दुरुस्तीत होतं. ती मात्र तिच्या कामाच्या ठिकाणी झाली नाही. सासूबाईंचे गुडघे गेलेले, आई सांगलीला. चार महिने ओढाताण करून तिने राजीनामा दिला. या भागाबद्दल बोलताना ती अजिबात रडली नाही. तारखा सांगाव्यात तशी सांगत गेली.

मग ऑनलाइन काय काय बदलत गेलं, ते आम्ही दोघींनी तिच्या फोनवर मागे मागे जात पाहिलं. 2017मध्ये व्हॉट्सॲपच्या डीपीवर बाळाची पावलं. 2018मध्ये तिथेच सोन्या एकटा. त्यानंतर सहा वर्षं त्या गोलात तिचा चेहरा एकदाही नाही. लिंक्डइनवर 2016 सालचा फोटो आणि माहेरचं आडनाव, पुढे काहीच नाही. इन्स्टाग्रामवर 2019ला उघडलेलं खातं, ‘सोन्याची मम्मी’ नावाचं. त्यावर नाचणीसत्त्व, डब्याचे प्रकार, दात येतानाचे हाल. 2020च्या टाळेबंदीत ते वाढलं आणि ती माझ्याकडे आली तेव्हा अकरा हजारांच्या पुढे लोक होते.

हे खातं म्हणजे बाईने स्वतःला पुसून टाकल्याचा पुरावा आहे, असं मी पहिल्या भेटीत मनात धरून टाकलं. माझी ती समजूत चुकीची होती.

त्या काळात रात्री दोनला बाळाला पाजत बसलेल्या बायका तिला निरोप पाठवायच्या. गडहिंग्लजची एक, इचलकरंजीची एक, दुबईत अडकलेली एक. कुणाला दूध येत नव्हतं, कुणाचा नवरा दवाखान्यात होता. ती प्रत्येकीला उत्तर द्यायची. ‘‘मला त्यावेळी कुणी इंजिनिअर म्हणून विचारत नव्हतं. मम्मी म्हणून विचारायचे. मग मी तीच झाले,’’ ती म्हणाली. त्या खात्यावरच्या जाहिरातींतून महिन्याला पाच-सहा हजार रुपयेही मिळायचे. ते तिचे स्वतःचे होते, त्यातून तिने सोन्याची सायकल घेतली आणि आईचा चष्मा केला. ज्या नावाने आधार दिला ते नाव नुसतं ओझं म्हणून काढून टाकता येत नाही.

पहिली बैठक: 150 अक्षरं

इन्स्टाग्रामवर स्वतःची ओळख लिहायला 150 अक्षरांची जागा असते. मी नेहमी तेवढीच जागा कागदावर चौकोन काढून देते आणि लिहायला सांगते. तिने लिहिलं:

‘आई. पत्नी. खाण्याची आवड. आधी इंजिनिअर.’

‘आधी’वर मी बोट ठेवलं. तिला म्हणायचं होतं, पूर्वी होते, आता नाही. पण ‘आधी लगीन कोंढाण्याचं’ म्हणणाऱ्या आपल्या भाषेत ‘आधी’चा अर्थ ‘सर्वांत पहिलं’ असाही होतो. मी तसं म्हटल्यावर ती कागदाकडे बघत राहिली. मग तिने ते खोडलं नाही आणि बदललंही नाही. कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

त्याच बैठकीत आणखी एक लक्षात आलं. कोल्हापुरात बायकासुद्धा ‘मी आलो, मी गेलो, मी सांगतो’ असंच बोलतात. पुण्याच्या लोकांना नवल वाटतं, आम्हाला नाही. रीलमध्ये मात्र ती ‘मी करते, मी घालते’ अशी ठेवणीतली भाषा वापरायची आणि माझ्याशीही तशीच बोलत होती. मी सहज विचारलं, ‘‘पावसाळ्यात वाळूचं काय होतं गं?’’ आणि पुढची दहा मिनिटं ती ‘मी मिक्सरवर गेलो’, ‘मी त्याला सांगतो, पाणी तोड’ अशी सुटली. आवाज एक पट्टी खाली आला होता, हात चालत होते. मी ‘अगं-तुगं’वर कधी आले तेही कळलं नाही. तिनेच नंतर सांगितलं, ‘‘तसंच म्हणा, बरं वाटतं.’’

घरी गेल्यावर मी तिचे जुने रील पाहत बसले. रव्याच्या लाडवाचा एक आहे. पाक मुरला की नाही हे दाखवताना ती मिश्रण मुठीत घट्ट दाबते, मूठ उघडून बोटांचे ठसे कॅमेऱ्याजवळ आणते, मग दोन बोटांनी गोळा मोडून कड दाखवते. हजारो बायकांनी तो लाडू म्हणून पाहिला असेल. मला त्यात लॅब दिसली.

माझा चुकलेला सल्ला

तरीही मी तिला जो सल्ला दिला तो ठरीव होता. नवीन नंबर घे, नवीन खातं उघड, डीपीवर स्वतःचा फोटो लाव, कामाच्या ठिकाणी मुलाचा विषय काढू नकोस. कामाचं एकीकडे, घराचं दुसरीकडे. जुलै-ऑगस्ट असे दोन महिने तिने हे इमानेइतबारे केलं.

डीपी बदलला त्याच संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, ‘‘आगं, पोराचा फोटो का काढलीस? काय झालंय का?’’ कागलच्या नणंदेने थेट भावाला फोन केला, वैनीचं काही बिनसलंय का म्हणून. आपल्याकडे डीपीवरून नवरा-मुलाचा फोटो निघणं ही घराबाहेर पोचलेली बातमी असते. तिच्या नवऱ्याचा विरोध नव्हता, पण चार दिवस तोही उत्तरं देऊन दमला.

नव्या नंबरवर कुणाचा फोन आला नाही. विश्वासाने काम देतील अशी पाच-सहा माणसं होती, त्यांच्याकडे जुना नंबर होता. एका ठिकाणी मुलाखत झाली, तिथे विचारलं, ‘‘2018 ते 2024 काय करत होता?’’ मी शिकवल्याप्रमाणे ती म्हणाली, ‘‘स्वतःचं डिजिटल काम.’’ ते खोटं नव्हतं, पण सांगताना तिची मान खाली गेली. बाहेर येऊन तिने मला फोन केला. ‘‘मॅडम, मला चोरी केल्यासारखं वाटलं. पोरगा लपवला मी.’’

त्या वाक्याने मला झोप लागली नाही. फोनवरच्या ‘मम्मी’ने तिचं नाव झाकलं होतं. माझ्या सल्ल्याने तिचं मूल झाकलं गेलं. दोन्हीकडे बाई अर्धीच.

शिरोलीला जाताना कावळा नाक्यावर घोड्यावरच्या ताराराणींचा पुतळा लागतो. 1700मध्ये राजाराम महाराज गेले तेव्हा ताराराणींनी चार वर्षांच्या मुलाला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने सात वर्षं औरंगजेबाशी झुंज दिली. कागदोपत्री नाव मुलाचं होतं. चौक आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. मी त्या रस्त्याने कित्येक वर्षं जाते-येते, पण ही गोष्ट या प्रकरणाच्या निमित्ताने पहिल्यांदा नीट मनात आली.

सोन्याचं म्हणणं

सप्टेंबरात वळण आलं ते तिच्यामुळे किंवा माझ्यामुळे नाही. दुसरीतला सोन्या एक दिवस शाळेतून गप्प आला. वर्गातल्या मुलाने आपल्या आईच्या फोनवर त्याचा जुना रील सगळ्यांना दाखवला होता: बालवाडीचा पहिला दिवस, सोन्या फाटकाला धरून हुंदके देतोय, खाली हसरी चिन्हं. रात्री जेवताना तो म्हणाला, ‘‘मम्मी, त्यो काढ की.’’

ती हादरली. जूनपासून ती ‘माझी ओळख, माझं नाव’ हाच हिशोब मांडत होती. त्याच खात्यावर एका दुसऱ्या माणसाचीही ओळख बांधली जात होती आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं. 2023च्या डिजिटल वैयक्तिक विदा (माहिती) संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची व्यक्ती मूल धरली आहे. कंपन्यांना मुलांची माहिती वापरायची तर आई-वडिलांची खात्रीलायक संमती लागेल, असं तो कायदा म्हणतो. म्हणजे मुलाचे राखणदार आपण. आईच मुलाचं रडणं जगासमोर ठेवते, तेव्हा त्या मुलाने जायचं कुणाकडे? हे मी तिला विचारलं नाही. तिनेच मला विचारलं.

दोघांनी मिळून रविवारी दुपारी खातं चाळलं. ती दाखवायची, तो सांगायचा: राहू दे, नको, नको, हे कोण? इन्स्टाग्रामवर पोस्ट पुसून न टाकता संग्रहात ठेवता येते. आपल्याला दिसते, लोकांना नाही. एकशे चाळीस पोस्ट त्या दिवशी आत गेल्या. आंघोळीचे, रडण्याचे, तापात निजलेले सगळे. एक मात्र सोन्याने परत लावायला सांगितला: चकलीचा सोऱ्या फिरवणारे फक्त त्याचे हात दिसतात तो.

ग्रुपमधला निरोप

यानंतर आम्ही नवा नंबर बंद केला. जुनाच ठेवला. त्या ॲपमध्ये तिने स्वतःच्या नावाने नोंद करून घेतली, पण लोकांच्या फोनबुकात काय आहे तेही बदलायला हवं होतं. तिने एका सोमवारी सकाळी वर्गाच्या पालक ग्रुपवर लिहिलं. मसुदा तिचाच, मी एक शब्द बदलला नाही:

‘नमस्कार. मी सोन्याची मम्मी. माझं नाव सगळ्यांना माहीत नसेल म्हणून सांगते.’ इथे तिचं पूर्ण नाव. ‘मी फाउंड्रीत सँड टेस्टिंगचं काम करते. माझा नंबर कृपया नावाने सेव्ह करा. आणि तुमचीही नावं सांगा. माझ्या फोनमध्ये तुमच्यापैकी 31 जणी मम्मी म्हणूनच आहेत, मला ते बरोबर वाटत नाही.’

दुपारपर्यंत कुणी काही लिहिलं नाही. ती मला दर अर्ध्या तासाने विचारत होती, काढून टाकू का. तीनच्या सुमारास एकीने नुसतं आपलं नाव लिहिलं. मग दुसरीने. संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळेला एकामागून एक नावं येत गेली. एक वकील निघाली, गेली दोन वर्षं कोर्टात उभी राहिलेली नाही अशी. एकीने लिहिलं, ‘मी घरी चपलांची वेणी घालते, आमच्या तिघी जावांचं काम आहे.’ कोल्हापुरी चप्पल जगभर गेली, तिच्यावरची चामड्याची वेणी बहुतेक घरातल्या बायकांच्या हातची, आणि त्या बायकांपैकी एक रोज दुपारी शाळेच्या फाटकाशी उभी असते हे ग्रुपमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. एकीने दोन नावं दिली, लग्नात बदललेलं आणि माहेरचं, आणि विचारलं, माहेरचं सेव्ह केलं तर चालेल का? रात्रीपर्यंत 22 नावं आली. एका बाईने लिहिलं, ‘मला मम्मीच राहू द्या, मला आवडतं.’ तिलाही सगळ्यांनी अंगठा दिला, आणि ते योग्यच झालं.

ते पडद्यावरचे चार-चार शब्द वाचताना मला भरून आलं होतं. त्या सगळ्या माझ्याही ओळखीच्या निघू शकल्या असत्या.

कोणतं नाव, कुठे

नाव परत घ्यायचं म्हटल्यावर ‘कोणतं’ हा प्रश्न राहतोच. पदवी माहेरच्या आडनावाची, आधार सासरच्या. महाराष्ट्र सरकारने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदावर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम बंधनकारक केला. सोन्या 2017चा, त्याला तो लागू नाही. तिच्या भावाच्या मुलीच्या दाखल्यावर मात्र वहिनीचं नाव मधोमध आहे आणि ते तिने मला दोनदा काढून दाखवलं.

लिंक्डइनवर आधीचं नाव लिहायला वेगळी जागा असते. तिने तिथे माहेरचं आडनाव घातलं, म्हणजे जुन्या सहकाऱ्यांना सापडेल. 2022पासून त्यावर कामातला खंड नोंदवायची सोयही आहे, त्यात पूर्णवेळ पालकत्व हा पर्याय मिळतो. तो भरताना आमचं थोडं वाजलं. तिला कुणीतरी सुचवलं होतं, ‘घराचं व्यवस्थापन, वेळेचं नियोजन, अनेक कामं एकाच वेळी’ असं लिही. मी नको म्हटलं. मूल वाढवणं हे मूल वाढवणं म्हणूनच मोठं आहे. त्याला कंपनीची भाषा चढवली की ते लहान दिसतं, आणि फाउंड्रीतला माणूस ते वाचून वाळू तपासायला देणार नाही. तिने शेवटी लिहिलं: ‘2018 ते 2024, मुलाला वाढवलं. 2024, सहा आठवडे पुन्हा लॅबमध्ये हात बसवला.’ ते सहा आठवडे खरे होते. ओळखीच्या फाउंड्रीत ती रोज सकाळी बिनपगारी जात होती.

इन्स्टाग्रामवर खात्याचं नाव तेच राहिलं, वर ठळक अक्षरात तिचं स्वतःचं पूर्ण नाव आलं. डीपीवर आता ती आणि सोन्या, दोघं पाठमोरे, रंकाळ्याच्या कठड्यावर. सासूबाईंना तो फोटो पसंत आहे, ‘चेहरा दिसंना’ ही तक्रार सोडून.

पुढे

पहिलं काम जुन्या सहकाऱ्याकडून आलं, आठवड्यातून एक फेरी. दुसरं आलं ते आम्ही दोघींनी कल्पना केली नव्हती अशा वाटेने. तिने लॅबमध्ये वाळू मुठीत दाबून मोडतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ त्याच ‘मम्मी’ खात्यावर टाकला, आपल्या बोलीत, ‘मी सांगतो बघा’ म्हणत. गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीवाल्यांच्या पत्नी ते खातं बाळंतपणापासून पाहत होत्या. त्यांनी नवऱ्याला दाखवला. त्यांच्याकडे पावसाळ्यात जॉब खूप रिजेक्ट होत होते.

तोटाही झाला. दोनेक हजार लोक खातं सोडून गेले आणि बाळाच्या वस्तूंच्या जाहिराती थांबल्या. पहिले पाच महिने तिची कमाई आधीपेक्षा कमीच होती. ज्या फाउंड्रीवाल्यांचा फोन तिने जूनमध्ये ठेवून दिला होता, त्यांना तिने परत फोन केलेला नाही. मी दोनदा सुचवलं. ‘‘करतो की, घाई नाही,’’ म्हणते.

मागच्या भेटीत तिने तो घडी घातलेला कागद पर्समधून काढला. चौकोनातली ओळ तशीच होती. ‘आधी इंजिनिअर’च्या पुढे पेन्सिलीने गुरुवारचे वाळूतल्या मॉइश्चरचे (ओलाव्याचे) आकडे लिहिले होते, त्या दिवशी हाताशी दुसरा कागद नव्हता, म्हणाली.